बाक दोन प्रकारचे असतात

मैत्रिणींनो, मला फुटबॉलमधलं फारसं कळत नाही. भाची खेळते, तिच्या नादाने जुलै २०२५ मध्ये स्वित्झर्लंडला झालेल्या महिलांच्या युरोपीय स्पर्धेचे सामने रात्री जागून पाहिले. त्यातल्या इंग्लंडच्या दोघी डोक्यातून जात नाहीत. दोघीही बदली खेळाडू, म्हणजे सामना सुरू होताना बाकावर बसलेल्या.

एक क्लोई केली. २०२२ च्या अंतिम सामन्यात वेम्बली मैदानावर, ८७,१९२ प्रेक्षकांसमोर, तिने बदली म्हणून येऊन ११० व्या मिनिटाला गोल केला आणि इंग्लंडने जर्मनीला हरवलं. २०२५ च्या उपांत्य सामन्यात इटलीविरुद्ध ११९ व्या मिनिटाला तिची पेनल्टी अडवली गेली, तर परत आलेला चेंडू तिनेच जाळ्यात मारला. दुसरी मिशेल अग्येमांग, तेव्हा वय १९. स्वीडनविरुद्ध ८१ व्या आणि इटलीविरुद्ध ९६ व्या मिनिटाला, हातातून गेलेल्या सामन्यात तिने बरोबरी साधून दिली. शेवटी स्पेनला हरवून इंग्लंडने चषक जिंकला.

अशा खेळाडूला ‘सुपर सब’ म्हणतात. ऐन वेळी धावून येणारी. हे कौतुक ऐकताना मी जरा अस्वस्थ होते. ऐन वेळी धावून येणाऱ्या बायका आपल्याकडे काय कमी आहेत? घरोघरी आहेत, आणि आपल्या संघटनांतही आहेत.

आमच्याच केंद्रातली गोष्ट सांगते. वस्तीतली एक कार्यकर्ती तीन वर्षं आमच्याबरोबर आहे. सतरंज्या घालणं, नोंदवही लिहिणं, मोर्चाला बायका गोळा करणं, सगळं तिच्याकडे. एकदा मी तापाने आडवी असताना मारहाण झालेल्या एका बाईबरोबर तिला पोलीस ठाण्यात जावं लागलं. कायदा तिला माहीत होता, बोलायची हिंमतही होती. पण तिथे पहिला प्रश्न आला, “तुम्ही कोण?” तिच्याकडे ना ओळखपत्र, ना संस्थेचं पत्र, ना त्या बाईची फाईल. फाईल माझ्या कपाटात आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. तक्रार घेतली गेली नाही. ती बाई रात्री त्याच घरात परत गेली.

पोलिसांवर राग काढणं सोपं होतं, तो काढलाही. पण चूक आमचीसुद्धा होती. एम.एस.डब्ल्यू.ची पदवी माझ्याकडे, म्हणून अधिकारही माझ्याकडेच राहिले.

केली मैदानात उतरते तेव्हा पंच तिला “तू कोण?” असं विचारत नाहीत. तिचं नाव यादीत असतं, अंगावर तोच शर्ट असतो. रोजचा सराव तिने अकराजणींबरोबरच केलेला असतो, डावपेच तिला ठाऊक असतात. उशिरा आली म्हणून पेनल्टी मारायचा तिचा हक्क कमी होत नाही. शेवटच्या मिनिटाचा चमत्कार आपण पाहतो, पण त्यामागची ही तयारी पाहत नाही.

बाक दोन प्रकारचे असतात. एक, जिथून बोलावणं येतं. दुसरा, जिथे बसवून विसरलं जातं. केलीने दुसराही पाहिला आहे. त्याच वर्षाच्या सुरुवातीला तिला आपल्या क्लबकडून फारसं खेळायला मिळत नव्हतं. तिने ते उघडपणे सांगितलं आणि ती दुसऱ्या क्लबकडे गेली. इंग्लंडमध्ये तर १९२१ साली फुटबॉल संघटनेने क्लबांची मैदानंच बायकांना बंद केली. सगळ्या बायका जवळपास पन्नास वर्षं बाकावर!

‘दुसरी फळी तयार होत नाही’ अशी खंत आपण दर शिबिरात ऐकतो. फळी तयार असते हो, आपण तिला मैदानात उतरवत नाही. आता आमच्या केंद्रात त्या कार्यकर्तीकडे ओळखपत्र आहे, कपाटाची दुसरी किल्ली आहे आणि प्रत्येक बैठकीत बोलायची पाळी आहे. मानधनाचा प्रश्न अजून सुटलेला नाही, त्यासाठी भांडण चालू आहे.

तुमच्या संघटनेत बाकावर कोण आहे? आणि तिच्याकडे किल्ली आहे का?