दिव्यावर आलेली मधमाशी

पावसाळा ओसरून रानात फुलोरा आला की आग्या मधमाशांचे थवे दूरवरून येतात आणि बहुधा मागील वर्षीच्याच जागी पोळे बांधू लागतात. पूर्वी या जागा म्हणजे उंच कडे, लेण्यांची छते, वड-पिंपळाच्या आडव्या फांद्या. आज शहरातील बहुमजली इमारतींचे छज्जे आणि गच्चीवरील टाक्यांचे तळ त्यांना कड्यासारखेच भासतात. पोळे बाहेर लोंबत असते तोवर घरातील मंडळी लहानांना उचलून ते दाखवितात. मात्र एखाद्या संध्याकाळी दहा-पंधरा माशा घरात येऊन ट्यूबलाइटभोवती घोंगावू लागल्या की कौतुकाची जागा भय घेते.

अशाच भयातून एका भगिनींनी आम्हांस लिहिले आहे. सातव्या मजल्यावरील त्यांच्या घरात रोज रात्री माशा येतात आणि सकाळी केर काढताना मेलेल्या सापडतात. सोसायटीने औषध फवारण्याचा विषय सभेपुढे ठेवला आहे. घरात लहान मूल आहे, आणि हात वर करावा की करू नये हे त्यांना सुचत नाही. प्रश्न त्यांचा एकट्यांचा नाही, म्हणून या वेळचा लेख त्यालाच देत आहोत.

प्रथम, या माशा रात्री येतात कशासाठी? बहुतेक जातींच्या मधमाशा सूर्यास्तानंतर बाहेर पडत नाहीत. आग्या माशी मात्र चांदण्यातही उडू शकते. पोळ्यालगत लख्ख पांढरा दिवा असला की तिची दिशा चुकते, ती त्याच्याभोवती घिरट्या घालीत राहते आणि अखेर थकून खाली पडते. आपल्यावर ती चाल करून आलेली नसते. ती वाट चुकलेली असते. रात्रिभोजनत्यागाचे कारण सांगताना दिव्यावर झेपावणाऱ्या सूक्ष्म जीवांचा दाखला आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. ताटापुरती ती दक्षता आपण पाळतो. पण समईच्या जागी आलेला, सज्जातून साऱ्या अंगणावर पडणारा प्रखर दिवा रात्रभर जळत राहतो, आणि त्याखाली सकाळी काय पडलेले असते याची चौकशी फारशी कोणी करीत नाही.

म्हणून पहिला उपाय दिव्याचाच. पोळे ज्या बाजूस असेल त्या बाजूच्या खिडक्या सूर्यास्तापूर्वी लावाव्यात, जाड पडदे ओढावेत, सज्जातील दिवा बंद ठेवावा. त्या खोलीत दिवा हवाच असेल तर मंद पिवळा लावावा, अथवा लाल. लाल रंग मधमाशीस जवळजवळ दिसतच नाही. गच्चीवरील आणि वाहनतळावरील मोठे दिवे बंद करणे किंवा त्यांचा झोत खाली वळविणे हे काम सोसायटीचे आहे. एवढ्याने रात्रीचा उपद्रव बराच कमी होतो.

तरीही एखादी आत आलीच तर सर्वांत आधी छताचा पंखा बंद करावा. वर्तमानपत्राच्या घडीने मरणाऱ्या माशांइतक्याच पंख्याच्या पात्याने मरत असाव्यात, आणि ते कोणाच्या मनातही नसते. नंतर दिवा मालवावा. अंधारात माशी स्थिरावते. भिंतीवर बसली की तिच्यावर काचेचा पेला अलगद ठेवावा, मागून जाड कागद सरकवावा आणि दिव्यापासून दूर, अंधाऱ्या बाजूस तिला सोडावे. दिवसा तर याहून सोपे आहे. काचेवर आपटणारी माशी उजेडाकडेच जाऊ पाहत असते. तीच खिडकी उघडावी, बाकीच्यांचे पडदे ओढावेत आणि खोलीबाहेर जाऊन थोडा वेळ थांबावे. जमिनीवर निपचित पडलेली माशी नेहमी मेलेलीच असते असे नाही. साखर आणि पाणी समभाग घेऊन त्याचा एक थेंब तिच्यापुढे ठेवला तर पुष्कळदा ती सोंड लावते आणि काही वेळाने उडून जाते. मध मात्र ठेवू नये, कारण त्यातून पोळ्यांमध्ये रोग पसरू शकतो, असे मधपाळ सांगतात. आपल्या घरी तो नसतोच, हे एका परीने बरे!

उन्हाळ्यात येणाऱ्या माशांचे कारण निराळे. पोळे थंड राखण्यासाठी त्यांना पाणी लागते, म्हणून त्या न्हाणीघरातील गळक्या नळावर, वातानुकूलन यंत्राच्या थेंबांवर, कुंड्यांच्या ताटल्यांवर येतात. गळका नळ दुरुस्त करून घ्यावा आणि घरापासून थोड्या अंतरावर उथळ ताटलीत खडे घालून पाणी ठेवावे. खडे आवश्यक, नाहीतर तहानेला आलेली माशी बुडून मरते.

आता पोळ्याविषयी. आपल्या घराजवळ दिसणाऱ्या साऱ्या मधमाशा आग्याच नसतात, आणि हे न ओळखल्यामुळे नको तेथे घबराट होते. आग्याचे पोळे एकच, मोठे, उघड्यावर लोंबणारे. त्यावर माशांचा काळसर थर दिसतो. सातेरी माशी पोकळीत राहते. झाडाची ढोली, भिंतीतील फट, वापरात नसलेली पेटी किंवा मीटरचा खोका तिला चालतो, आणि आत तिची अनेक पोळी समांतर असतात. फुलोरी माशीचे पोळे तळहाताएवढे, झुडपाच्या फांदीवर. ती स्वभावाने पुष्कळच शांत. भिंतीच्या भेगेतून मेणाची बारीक नळी बाहेर आलेली दिसली तर ती कोती माशी, जिला डंखच नाही. तिच्याकडून कोणासही इजा नाही, तेव्हा तिला हलविण्याचा विचारही करू नये. शिवाय कधीकधी झाडावर किंवा कठड्यावर अकस्मात माशांचा घोस लटकलेला दिसतो, पण पोळे नसते. हा स्थलांतर करणारा घोळका असतो. रक्षण करण्यासाठी अंडी-अळ्या नसल्याने या वेळी माशा सौम्य असतात. त्यांच्यातील काही नव्या जागेच्या शोधात गेलेल्या असतात. परत आल्यावर त्या नाचाच्या खुणांनी जागेचा पत्ता सांगतात आणि एकमत झाले की सारा घोळका उठतो. ही नृत्यभाषा उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना 1973 साली नोबेल पारितोषिक मिळाले. घोळक्याला काही तास, फार तर एक-दोन दिवस लागतात. तेवढा काळ त्या बाजूस न फिरकणे एवढेच आपले काम.

सभेपुढील प्रश्न याहून अवघड आहे. तत्त्वार्थसूत्रात चतुरिंद्रिय जीवाचे उदाहरण म्हणून भ्रमराचेच नाव येते. कृत, कारित आणि अनुमोदना यांत आपले शास्त्र दोषाच्या दृष्टीने भेद ठेवीत नाही. फवारणाऱ्याला पैसे देणे हे कारित आणि हात वर करणे ही अनुमोदना. तेव्हा भगिनींनी हात वर करू नये, हे आमचे स्पष्ट मत. परंतु नुसता विरोध नोंदवून घरी येणे पुरेसे नाही. ज्याच्या खिडकीवर पोळे आहे त्याचे भय खरे असते. माशांच्या डंखाने ज्याला पूर्वी गंभीर त्रास झाला आहे असा रुग्ण जवळ राहत असेल, किंवा पोळे जिन्याच्या तोंडाशीच असेल, तर ते हलविलेच पाहिजे. श्रावकाने आपल्या आश्रितांचे रक्षण करू नये असे कोठेही सांगितलेले नाही. विरोध करणाऱ्याने पर्याय हातात घेऊन सभेस जावे: कोणते दिवे बंद ठेवायचे, सूचना कोठे लावायची, जाणकार कोण आणि खर्चातील वाटा कोण उचलणार.

ज्यांना दया-धर्माशी कर्तव्य नाही त्यांनाही फवारणी परवडत नाही, हेही सभेत सांगता येईल. माशा मरतात, पण पोळे मागे राहते. त्याची निगा राखणारे कोणी उरले नाही की मध पाझरू लागतो, मुंग्या लागतात, अळ्या कुजतात. दुसऱ्या पोळ्यांतील माशा तो मध लुटायला येतात आणि विष आपल्या घरी घेऊन जातात. पलित्याने जाळणे तर सर्वांत घातक. चवताळलेली आग्या माशी हजारोंनी उठते आणि रस्त्यावरच्या ज्याचा त्याच्याशी काही संबंध नाही अशा माणसावर तुटून पडते.

आणखी एक मार्ग सुचविला जातो, तो अधिक फसवा आहे. मध काढणारा येतो, पोळे फुकट उतरवून देतो म्हणतो आणि मोबदल्यात मध नेतो. पैसा लागत नाही आणि विषही नाही, म्हणून सभा खूश. पण अशा वेळी धुराने माशा हुसकल्या जातात आणि मधाबरोबर अंडी-अळ्यांनी भरलेला भागही कापला जातो. मधुत्याग अष्टमूलगुणांत गणला गेला तो नेमका याच कारणाने. जो मध आपण जिभेवर ठेवीत नाही, तो आपल्या छज्जाखाली पिळू देणे यात त्याग कोठे उरला? म्हणून पोळे हलविणाऱ्यास आधीच विचारावे: अळ्यांच्या भागाचे काय करणार, माशा कोठे नेणार, मोबदला रोख की मधात. सातेरीची वसाहत प्रशिक्षित मधपाळ राणीसह आणि अळ्यांच्या पोळ्यांसह पेटीत घेऊ शकतो. पुढे ती शेतात परागीभवनास उपयोगी पडते. तेथे तिचा मधही काढला जाईल, हे आम्ही लपवीत नाही. विषाने मरण्यापेक्षा ते बरे, एवढेच म्हणता येईल. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि महाबळेश्वरात राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. जवळच्या प्रशिक्षित मधपाळाविषयी तेथे चौकशी करावी. आग्या माशी मात्र पेटीत राहत नाही. पोळे फार अडचणीच्या जागी नसेल तर हंगाम संपून ती आपणहून जाईपर्यंत थांबणे हाच तिच्या बाबतीतला उत्तम उपाय.

या काळात ज्यांचा सभेत आवाज नसतो त्यांची आठवण ठेवावी: पहारेकरी, झाडणाऱ्या बाई, टाकी धुणारा, केबलची तार ओढणारा मुलगा. त्यांना पोळ्याची जागा प्रत्यक्ष दाखवावी. पोळ्याच्या पृष्ठभागावर लाटा उसळल्यासारख्या दिसल्या तर तो इशारा समजून मागे फिरावे. खाली फटाके, शेकोटी, होळीचा धूर नको. डंख बसलाच तर काटा तत्काळ काढावा. कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला हे महत्त्वाचे, कारण तुटलेला काटाही विष सोडीत राहतो. त्याच्या गंधाने इतर माशा येतात, म्हणून ती जागा सोडावी आणि दंशावर बर्फ लावावा. ओठ-चेहरा सुजणे, अंगभर गांधी उठणे, श्वास लागणे, भोवळ येणे यांपैकी काहीही दिसल्यास किंवा पुष्कळ डंख बसले असल्यास घरगुती उपचारात क्षणही न घालविता रुग्णालय गाठावे.

पोळे रिकामे झाले, त्यावर एकही माशी उरली नाही याची खात्री झाली, की मेणाचा डाग खरवडून ती जागा साबणाच्या पाण्याने धुवावी. जुन्या मेणाचा वास पुढील थव्यास बोलावतो. त्यानंतर छज्जाखाली बारीक जाळी बसवून घ्यावी, भिंतीतील फटी बुजवाव्यात. हे काम पाऊस पडू लागण्यापूर्वी उरकावे, म्हणजे फुलोऱ्याच्या दिवसांत येणारा थवा दुसरी जागा शोधील.