विश्लेषण : बोटभर पाण्यात वाढणारा आंबोली टोड संकटात का?

पेरणीनंतर पावसाने उघडीप दिली, की युसूफ वडगावच्या (ता. केज, जि. बीड) शेतकऱ्यापुढे दुबार पेरणीचे संकट उभे राहते. धो-धो पावसासाठी प्रसिद्ध असलेल्या सिंधुदुर्गातील आंबोलीत हीच उघडीप एका बेडकाच्या मुळावर येते.

हा बेडूक कोणता?

आंबोली टोड, शास्त्रीय नाव झँथोफ्रायने टायग्रीना. कुशीवरच्या वाघासारख्या पट्ट्यांमुळे हे नाव पडले. एस. डी. बिजू, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये त्याची जगाला ओळख करून दिली. त्याचा जवळचा भाऊबंद असलेला कोयना टोड १९६३ पासून ज्ञात होता. दोघेही फक्त पश्चिम घाटातले. ‘आययूसीएन’च्या लाल यादीत आंबोली टोड ‘अतिसंकटग्रस्त’ आहे.

भरपूर पावसातही पाणी कमी कसे?

हा टोड ओढ्यात किंवा तळ्यात नव्हे, तर जांभ्या कातळावरच्या उथळ खळग्यांत अंडी घालतो. जूनच्या पहिल्या पावसाने खळगे भरतात आणि मोजक्या दिवसांत प्रजनन उरकते. अशा पाण्यात मासे नसतात, हा फायदा. पण शेपटीच्या पिल्लांना, म्हणजे टॅडपोलना, खळगा आटण्याआधी पाय फुटावे लागतात. मध्येच काही दिवस कडक ऊन पडले, की सगळा खळगा वाया. वार्षिक सरासरी कितीही मोठी असो, टॅडपोलला तिचा उपयोग नाही. शेतकरी निदान पुन्हा बियाणे आणतो (तेही उसनवारीवर).

माणसामुळे काय बिघडते?

प्रजननाचा हंगाम आणि वर्षा पर्यटनाचा हंगाम एकच. आंबोलीतून सावंतवाडी-बेळगाव मार्ग जातो. पावसाळी रात्री रस्त्यावर आलेले टोड चाकाखाली चिरडले जातात. सड्यावर बांधकाम, वाहनतळ झाले, की खळगेच बुजतात.

संरक्षण आहे का?

आंबोलीतच हिरण्यकेशी येथे एका दुर्मीळ माशासाठी २०२१ मध्ये राज्य सरकारने जैविक वारसा स्थळ जाहीर केले. तो मासा देवळाच्या कुंडात राहतो, त्यामुळे हद्द आखणे सोपे. टोडचे खळगे मात्र उघड्या कातळावर विखुरलेले. उन्हाळ्यात कोरडा दगड दिसतो, तिथे भराव टाकताना कुणाला काही वावगे वाटत नाही. म्हणून खळग्यांच्या नोंदी पावसाळ्यातच व्हायला हव्यात आणि जूनच्या पहिल्या पावसाच्या रात्री तेवढ्या पट्ट्यात वाहनांचा वेग रोखायला हवा. खर्च फारसा नाही, पण वेळ चुकली तर पुढचा जून.