घरगुती शास्त्र : चित्र कोठे अडले?

आषाढ लागला की अमरावती-अकोल्याकडे ज्या घरांच्या गच्चीवर छत्री आहे तेथे एक तक्रार हमखास ऐकू येते. रात्रीची जेवणे आटोपून मंडळी दूरदर्शन-संचापुढे बसावी आणि चित्र नाहीसे व्हावे! आजोबा नातवाच्या हातातील रिमोटास दोष देतात, नातू केबलला देतो, आणि कोणी तरी ओल्या गच्चीवर छत्री हलविण्यास धावतो. हे शेवटचे आम्हांस मुळीच मान्य नाही. दोष शोधण्याची रीत आपल्या नैयायिकांनी घालून दिली आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी व परिणाम पाहावा. अन्वयव्यतिरेक तो हाच.

प्रथम बॉक्सच्या रिमोटावरील 'मेनू'ची कळ दाबावी. पडद्यावर यादी उमटली, तर बॉक्सपासून संचापर्यंतचा मार्ग निर्दोष असून दोष गच्चीच्या बाजूस आहे असे समजावे. न उमटली, तर संचाचा 'सोर्स' बदलला आहे काय, एचडीएमआय वायर सैल आहे काय, बॉक्सचा दिवा लागला आहे काय, एवढेच पाहावे. छत्रीचा तेथे काडीमात्र संबंध नाही.

दोष गच्चीकडे ठरल्यास बॉक्सच्या यादीतील सिग्नलची दोन मापे पाहावी : बळ व गुणवत्ता. बळ आहे पण गुणवत्ता शून्य, तर बहुधा छत्री फिरली आहे. त्यास वानराची एक उडी किंवा छत्रीला बांधलेली कपड्यांची दोरी पुरते. दोन्ही शून्य, तर केबल वा तिचा सांधा तपासावा. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांवर जातो. त्या उन्हाने केबलचे आवरण तडकते आणि पावसाचे पाणी शिरून आतील तांबे हिरवे पडते. सांधा उघडण्यापूर्वी बॉक्सची वीज अवश्य बंद करावी. त्यातून छत्रीकडे १३ किंवा १८ व्होल्टची वीज जात असते, व तारा एकमेकींस टेकल्यास बॉक्सच बिघडतो.

आता आकाशाकडील कारणे. डीडी फ्री डिशची चित्रे जीसॅट-१५ या २०१५ साली सोडलेल्या उपग्रहावरून येतात. तो विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच असून अमरावतीहून आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे ६० अंशांवर पडतो. त्या दिशेस कडुनिंबाची फांदी वाढली असल्यास ती अंगणातूनही दिसते. त्याच्या लहरी तीन सेंटिमीटरांहूनही आखूड असल्यामुळे दाट पावसात त्या क्षीण होतात; सर ओसरेपर्यंत थांबणे हाच उपाय. तसेच मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात व ऑक्टोबरच्या आरंभी काही दिवस, सकाळी अकराच्या सुमारास, सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येऊन काही मिनिटे चित्र जाते. तोही बिघाड नव्हे.

कारागिरास बोलाविताना या परीक्षेचा निकाल सांगावा, म्हणजे नसता खर्च टळेल. मालिकेचा चुकलेला भाग दुसरे दिवशी काकूंकडून कळेलच. परंतु विजा चमकत असता निसरड्या गच्चीवर चढलेल्या मुलाचा पाय घसरला, तर त्याची भरपाई कोण करील?