दिलेल्या शब्दाचा हिशेब द्या : सोयाबीन-कापूस उत्पादकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. प्रदेशाध्यक्ष, भारतीय जनता पक्ष, महाराष्ट्र
प्रत माहितीसाठी : विधिमंडळातील सर्व पक्षांचे गटनेते

विषय : २०१४, २०१९ आणि २०२४ च्या निवडणुकांत शेतकऱ्यांना दिलेली आश्वासने व त्यांची पूर्तता

महोदय,

आम्ही विदर्भ-मराठवाड्यातले कोरडवाहू शेतकरी. आमच्या सभासदांपैकी अनेकांनी या निवडणुकांत आपल्या पक्षाला मत दिले, अनेकांनी दिले नाही. या कागदावर दोघांच्याही सह्या आहेत. मत कोणालाही दिलेले असो, जाहीरनामा वाचून पेरणीचा, कर्जाचा आणि माल विकण्याचा निर्णय आम्ही सगळेच घेतो. म्हणून त्यातल्या प्रत्येक आकड्याचा हिशेब मागण्याचा आम्हाला हक्क आहे.

२०१४ च्या लोकसभा जाहीरनाम्यात आपण उत्पादन खर्चावर किमान ५० टक्के नफा देण्याचे म्हटले होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले, की एवढी वाढ केल्यास बाजारव्यवस्था बिघडू शकते. १ फेब्रुवारी २०१८ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटली यांनी खर्चाच्या दीडपट हमीभावाची घोषणा केली. पण हा खर्च कोणता? सरकारने धरला तो बियाणे, खत, औषध, मजुरी असा हातचा खर्च अधिक घरच्या माणसांची मजुरी. कृषिमूल्य आयोग स्वतःच दर हंगामात ‘सी-२’ नावाचा दुसरा खर्चही काढतो. त्यात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचे व्याजही येते. स्वामिनाथन आयोगाच्या शिफारशीचा आधार घेऊन शेतकरी संघटना वर्षानुवर्षे दीडपट मागत आल्या, त्या या दुसऱ्या खर्चाच्या. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला. ३,५५२ रुपये खर्च धरून त्याची ही बरोबर दीडपट. कागदावर आश्वासन पुरे झाले आणि आमच्या जमिनीची किंमत हिशेबातून वगळली गेली.

२८ फेब्रुवारी २०१६ रोजी बरेलीच्या सभेत पंतप्रधानांनी २०२२ पर्यंत शेतकऱ्याचे उत्पन्न दुप्पट करण्याचे उद्दिष्ट सांगितले. अशोक दलवाई यांची समिती नेमली गेली. २०१९ च्या जाहीरनाम्यात तेच उद्दिष्ट पुन्हा आले. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या पाहणीनुसार २०१८-१९ मध्ये शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होते आणि त्यातले पिकातून आलेले ३,७९८ रुपये. २०२२ उलटले. दुप्पट झाले असेल तर तसे, नसेल तर तसे सांगायला हवे होते. २०२४ च्या जाहीरनाम्यात हे उद्दिष्ट दिसत नाही.

पेन्शनचेही तसेच. २०१९ मध्ये अल्प व अत्यल्पभूधारकांना साठीनंतर पेन्शन देण्याचे वचन होते. योजना आली, पण ती १८ ते ४० वयाच्या शेतकऱ्याने दरमहा ५५ ते २०० रुपये भरायचे आणि साठीनंतर ३,००० रुपये घ्यायचे अशी. ज्या म्हाताऱ्यांनी ते वचन ऐकले, त्यांना या योजनेत दारच नाही.

जे मिळाले ते आम्ही नाकारत नाही. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये खात्यावर येतात, राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे तेवढेच. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज सुरू झाली. जिथे आकडा स्पष्ट होता आणि पैसा अर्थसंकल्पात होता, तिथे काम झाले. आमचे सगळे म्हणणे यातूनच निघते.

आता २०२४ ची विधानसभा. ५ नोव्हेंबरला कोल्हापुरात महायुतीने दहा वचने जाहीर केली. त्यांत कर्जमाफी होती, शेतकरी सन्मानाची रक्कम १२,००० वरून १५,००० करण्याचे होते, हमीभावावर २० टक्के अनुदान होते आणि लाडक्या बहिणींना १,५०० ऐवजी २,१०० रुपये होते. प्रचारसभांतून सोयाबीनला ६,००० रुपयांचा शब्द दिला गेला. २३ नोव्हेंबरला निकाल लागला आणि आपल्या पक्षाचे एकट्याचे १३२ आमदार निवडून आले.

यातल्या कर्जमाफीबद्दल आम्हाला सविस्तर बोलायचे आहे, कारण न पाळलेल्या इतर आश्वासनांत मिळणारे मिळत नाही एवढेच होते, इथे मात्र हातात होते तेही गेले. ‘सातबारा कोरा’ करण्याचा शब्द ऐकल्यावर थोडेफार पैसे हाती असलेल्या शेतकऱ्यानेही सोसायटीचे कर्ज भरायचे थांबवले. माफी थकबाकीदाराला मिळते, हे त्याने २०१७ आणि २०१९ मध्ये पाहिले होते. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात कर्जमाफीची तरतूद आली नाही आणि महिनाअखेरीस उपमुख्यमंत्र्यांनी ३१ मार्चपर्यंत पीककर्ज भरा असे सांगितले. तोपर्यंत सोयाबीन पडत्या भावात विकून झाले होते आणि पैसा दुकानदाराची उधारी, लग्न, दवाखाना यांत गेला होता. मुदत चुकली, की वेळेवर फेडणाऱ्याला मिळणारी व्याजसवलत जाते. खाते थकले, की खरिपाला नवे कर्ज मिळत नाही, आणि पेरणी तर थांबत नाही. मग सावकार, नाही तर कृषी सेवा केंद्रातून उधारीने बियाणे-खत, आणि त्या बदल्यात तिथेच माल घालण्याची बोली. पुढे सप्टेंबरच्या अतिवृष्टीने मराठवाड्यात उभे पीक गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपुरात बच्चू कडू यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी रस्ता अडवला, तेव्हा सरकारने ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेण्याचे कबूल केले. त्यासाठी प्रवीण परदेशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मत मागताना समितीची अट सांगितली नव्हती.

२०१७ ची माफीही अशीच लढून मिळाली. त्या वर्षी १ जूनला पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर ३४,०२२ कोटींची घोषणा झाली. मर्यादा दीड लाखाची होती. त्यावरच्यांनी आधी उरलेले भरायचे होते. दोन वर्षांनी दुसऱ्या सरकारने दोन लाखांपर्यंत माफी दिली, त्यावरचे बाहेर राहिले आणि नियमित फेडणाऱ्याचे ५० हजार प्रोत्साहन २०२२ पर्यंत लांबले. दर वेळी प्रामाणिकपणे भरणारा मागे राहतो. गावात हे सगळ्यांना दिसते.

हा दोष एका पक्षाचा नाही हे आम्ही जाणतो. २००४ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारने निवडणुकीआधी कृषिपंपांना मोफत वीज दिली आणि निवडून आल्यावर ती बंद केली. २०२४ मध्ये काँग्रेसनेही सोयाबीनला ७,००० रुपये जाहीर केले होते. म्हणून प्रत सगळ्यांना जात आहे. पण आज दिल्लीत आणि मुंबईत दोन्हीकडे सत्ता आपली आहे, हमीभाव तिकडे ठरतो आणि कर्जमाफी इकडे, त्यामुळे उत्तर द्यायचे ते आपणच.

आमच्या मागण्या अशा आहेत.

कर्जमाफीचा निर्णय ३० जूनची वाट न पाहता व्हावा. तो होईल तेव्हा आश्वासनाच्या दिवसापासून निर्णयाच्या दिवसापर्यंतचे व्याज कोणत्याही थकीत पीककर्जावर आकारू नये. तो काळ आपल्या शब्दामुळे गेला आहे. दोन लाख किंवा दीड लाख अशी रेषा ओढून तिच्या पलीकडच्याला पूर्ण बाहेर ठेवू नये. मर्यादेपर्यंतची रक्कम त्यालाही मिळावी. नियमित फेडणाऱ्याची रक्कम त्याच शासन निर्णयात असावी, पुढच्या निवडणुकीसाठी शिल्लक ठेवू नये. आणि खाती बेबाक होईपर्यंत नव्या हंगामाचे कर्ज अडवू नये.

सोयाबीनला ६,००० आणि प्रत्यक्ष मिळालेला भाव यांतला फरक २०२४ च्या हंगामापासून खात्यावर जमा व्हावा. हमीभाव कागदावर असतो, कारण खरेदी केंद्रावर ओलावा जास्त म्हणून गाडी परत जाते, बारदाना संपतो, नोंदणीचा नंबर लागेपर्यंत मुदत संपते. २०२४ मध्ये ओलाव्याची अट १२ वरून १५ टक्क्यांवर आणली, तीही १५ नोव्हेंबरला, म्हणजे गरजूंनी माल व्यापाऱ्याला घातल्यावर. ती अट हंगामाच्या सुरुवातीलाच जाहीर करा, केंद्रे दसऱ्यापूर्वी उघडा, चुकारे आठ दिवसांत द्या. कापसाच्या बाबतीत, २०२५ मध्ये आमचा माल घरात येण्याच्या तोंडावर ११ टक्के आयातशुल्क काढले गेले आणि सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. वेचणीच्या काळात अशी सवलत देणार नाही, हे केंद्राकडून लेखी मिळवून द्यावे.

साठी ओलांडलेल्या अल्पभूधारकांना हप्त्याची अट न लावता पेन्शन मिळावी. २०१९ चे वचन त्यांनाच होते.

आणि जाहीरनाम्याविषयी. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये म्हटले, की जाहीरनाम्यातले आश्वासन लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचरण ठरत नाही. त्याच निकालाने निवडणूक आयोगाला मार्गदर्शक तत्त्वे करायला लावली. त्यानुसार आश्वासनामागचे कारण आणि पैसा कुठून येणार हे जाहीरनाम्यात ढोबळमानाने तरी सांगणे अपेक्षित आहे. ते न सांगणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगाने खर्चाचा तपशील भरण्यासाठी नमुनाही सुचवला होता. तो नमुना सर्वांत मोठा पक्ष म्हणून आपण स्वतःहून स्वीकारावा. ‘खर्च’ लिहाल तिथे कोणता खर्च ते लिहा, ‘माफी’ लिहाल तिथे कोणत्या तारखेपर्यंतची आणि किती रकमेपर्यंतची ते लिहा, आणि पहिला पैसा कोणत्या अर्थसंकल्पात येईल ते लिहा. २०१४ पासूनच्या प्रत्येक शेतीविषयक आश्वासनासमोर काय झाले, किती खर्च झाला, किती जणांना मिळाले, याची पुस्तिका छापून गावोगावच्या ग्रामपंचायतींकडे पाठवावी.

येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी या मागणीपत्राचे लेखी उत्तर मिळावे. ते आम्ही ग्रामसभेत वाचून दाखवणार आहोत, म्हणून ज्या मागण्या मान्य नसतील त्यांच्यासमोर ‘अमान्य’ असे स्वच्छ लिहावे आणि कारण द्यावे.

आपले,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व सभासद