फूड प्रोसेसर घेताना आधी घरातले काम मोजा



रमजान जवळ आला की आमच्या लाखांदुरात विजेच्या वस्तूंच्या दुकानात एक वाक्य हमखास कानावर पडते, "भाऊ, फूड प्रोसेसर दाखवा ना." काही वर्षांपूर्वी मीही असेच म्हटले होते आणि चुकीची वस्तू घेऊन घरी आले होते. ती चूक तुमच्या हातून होऊ नये म्हणून या महिन्यात हा विषय.

आमचे नऊ माणसांचे घर. अम्मींचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, उजवा खांदा धरलेला. डॉक्टरांनी पाटा-वरवंटा बंद करायला सांगितले होते. पण अम्मी कुठल्या ऐकतात! शामी कबाबचे वाटण पाट्यावरच व्हायचे आणि बकरी ईदला खिमा सुरीने स्वतःच करायच्या. "मशीनचा खिमा म्हणजे लगदा," हे त्यांचे ठरलेले वाक्य. त्या वर्षी भिशीत माझा नंबर लागला. व्याजाच्या हप्त्यावर वस्तू घ्यायची नाही हे आमच्या घरात आधीपासून ठरलेले, म्हणून भिशीच्या पैशांची वाट पाहत होते. दुकानात बारा जोड असलेला मोठा खोका दिसला, तोच उचलला.

दोन महिन्यांत झाकणाची खटकी तुटली. या यंत्राचे झाकण नीट बसल्याशिवाय मोटर सुरूच होत नाही. दुकानदाराने नागपूरला पाठवले, तिथे सांगितले की हे मॉडेल आता येत नाही, त्यामुळे सुटा भागही नाही. यंत्र माळ्यावर गेले आणि अम्मी पुन्हा पाट्यावर बसल्या. पैसे गेल्याचे दुःख झालेच, पण त्याहून जास्त लागले ते अम्मींचे पुन्हा पाट्यावर बसणे.

गंमत अशी की आपल्याकडचा देशी मिक्सर जन्मला तोच अशा अडचणीतून. मुंबईतले अभियंते एस. पी. माथूर यांच्या घरातला परदेशी बनावटीचा मिक्सर बंद पडला आणि तो दुरुस्त करून मिळेना. आपल्या स्वयंपाकातली ओली-सुकी वाटणे झेपतील असा मिक्सर माथूर यांनी मग स्वतःच तयार केला. त्यांची कंपनी १९६३ साली सुरू झाली. तोच 'सुमीत' मिक्सर. तुमच्यापैकी कित्येकींच्या आईच्या रुखवतात तो आला असेल. मला त्यातून मिळालेला धडा साधा आहे : जे यंत्र जवळपास दुरुस्त होत नाही, ते आपले नाही.

मिक्सर आणि प्रोसेसर यांत फरक काय?

फूड प्रोसेसर आला फ्रान्समधून. तिथल्या हॉटेलांच्या मुदपाकखान्यात चिरण्या-कापण्यात किती वेळ जातो हे पिएर व्हेर्दाँ यांनी पाहिले आणि त्या कामासाठी यंत्र बनवले. १९७० नंतर ते घरगुती रूपात आले. म्हणजे हे यंत्र मुळात चिरण्यासाठी, किसण्यासाठी आणि मळण्यासाठी आहे. आपल्यासारखे वाटण वाटण्यासाठी ते बनलेले नव्हते.

मिक्सरचे भांडे उंच आणि अरुंद असते. पाते मिनिटाला हजारो फेरे घेते आणि जिन्नस खाली-वर फिरत राहावा म्हणून बहुधा थोडे पाणी लागते. म्हणूनच मिक्सरमध्ये कांदा चिरायला घातला की खाली चटणी आणि वर अख्ख्या फोडी राहतात. प्रोसेसरचा वाडगा रुंद असतो, पाते मोठे आणि वेग बराच कमी. त्यामुळे पाणी न घालता कांदा, खिमा, कणीक ही कामे होतात. उलट भिजवलेल्या डाळीचे गुळगुळीत वाटण किंवा सुका गरम मसाला त्या मोठ्या वाडग्यात नीट होत नाही. मसाला तळाशी फिरत राहतो आणि पात्याला सापडत नाही. त्याला चटणीचे छोटे भांडेच हवे.

आठ दिवसांची यादी

दुसऱ्यांदा पैसे साठवले तेव्हा दुकानात जाण्याआधी मी एक काम केले. कॅलेंडरच्या मागे आठ दिवस लिहून ठेवले की कोणत्या कामाला किती वेळ लागला. आपला भंडारा धानाचा जिल्हा, दुपारी भात असतोच. पोळ्यांची कणीक मुख्यतः संध्याकाळची. कांदा रोज, आले-लसूण एक दिवसाआड, खिमा आठवड्यातून एकदा, वडे कधीमधी. फळांचा रस त्या आठ दिवसांत एकदाही निघाला नाही आणि मागच्या वेळी मी रसाच्या जोडासाठी जादा पैसे मोजले होते! हा इसराफच की.

यादीवरून कळले की आम्हाला मिक्सर आणि प्रोसेसर दोन्ही हवेत, पण मोटर एकच पुरेल. अशी जोडयंत्रे मिळतात. एकाच मोटरवर वाटणाची दोन-तीन स्टीलची भांडी बसतात आणि एक रुंद वाडगाही बसतो. तीन-चार माणसांचे घर असेल, मिक्सर चांगला चालत असेल, तर प्रोसेसर घेऊच नका. दोरी ओढून चालणारा हातचॉपर कांद्या-मिरचीला पुरतो आणि वीजही लागत नाही.

दुकानात काय पाहाल?

पहिला प्रश्न किमतीचा नको, दुरुस्तीचा हवा. झाकण, रबरी वायसर आणि खालचा कपलर हे तीन भाग आधी झिजतात. ते इथे, वडशात किंवा भंडाऱ्यात मिळतील का, हे विचारा. "मिळेल" एवढ्यावर थांबू नका, भाग प्रत्यक्ष दाखवायला सांगा.

दुसरे, मोटर. घरच्या खिम्याला आणि कणकेला ७५० वॅटच्या आसपास ताकद असावी. वीजबिलाची धास्ती नको. ७५० वॅटचे यंत्र रोज १५ मिनिटे चालले तर महिन्याला साडेपाच-सहा युनिट होतात. आयएसआय चिन्ह पाहा. घरगुती मिक्सरसाठी त्याच्यासोबत आयएस ४२५० हा क्रमांक असतो. जादा ताण आल्यावर मोटर आपोआप बंद करणारे बटण बहुधा खालच्या बाजूला असते, तेही पाहून घ्या.

तिसरे, वाडग्याचे माप. खोक्यावरचे लिटर पाण्याचे असतात. कणीक आणि खिमा त्याच्या अर्ध्याहून कमीच मावतो. नऊ माणसांची किलोभर कणीक अडीच-तीन घाण्यांत मळावी लागते. खरे सांगायचे तर एवढ्या कणकेला परातच बरी. मी यंत्रात मळते ती मनगट दुखते तेव्हा.

खिम्याचा लगदा का होतो?

अम्मींचे वाक्य खोटे नव्हते. कोमट मांस यंत्रात सलग फिरवले की पात्याच्या घर्षणाने चरबी विरघळते आणि मांसाला चिकटते. मग खिमा सुटा राहत नाही. उपाय सोपा आहे. हाडे, पडदे आणि शिरा काढून मांसाचे इंचभर तुकडे करा. धुऊन निथळू द्या आणि कपड्याने कोरडे करा. मग ताटात पसरून अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेरून कडक व्हावेत, पण सुरी आत जावी इतपत. दगडासारखे गोठलेले मांस कधीही घालू नका, पाते मोडते. एका वेळी पाव किलोच घ्या. बटण दाबा-सोडा, दाबा-सोडा असे सात-आठ वेळा करा, मध्येच झाकण काढून कडेचे खाली ढकला. चरबी हवी असेल तर तीही गार करून शेवटी घाला.

शामी कबाबला उलट. मांस आणि चण्याची डाळ शिजल्यावर पाणी पूर्ण आटवा, मिश्रण परातीत पसरून गार करा, मगच यंत्रात घाला. पाणी राहिले तर कबाब तेलात फुटतो. गरम घातले तर वाफेने झाकण उचलते आणि हात भाजतो.

कांद्याचे चार तुकडे करा आणि तीन-चार झटक्यांत थांबा. जास्त फिरवला की पाणी सुटते, कडवटपणा येतो आणि परतायला दुप्पट वेळ लागतो. बिरयानीच्या तळलेल्या कांद्यासाठी मात्र चकत्यांची तबकडी लावा. सगळे काप सारखे पडतात, म्हणून सगळे एकदमच तांबूस होतात, काही जळके आणि काही कच्चे असे होत नाही. हिवाळ्यात गाजर हलव्याला किसणीची तबकडी आहेच. लाखोळीच्या डाळीचे वडे करायचे तर भिजलेली डाळ पूर्ण निथळा, झटके देत भरड ठेवा आणि सांभार हाताने चिरून वरून घाला. यंत्रात घातला की सांभार काळपट पडतो. कणकेला आधी पीठ, मग वरच्या नळीतून पाणी थोडे थोडे. गोळा पात्याभोवती गोल फिरू लागला की थांबायचे, पुढे फिरवाल तर मोटर तापते.

संध्याकाळी विजेचा दाब कमी झाला, दिवा मंद दिसू लागला, तर यंत्र लावू नका. मोटर अडखळते आणि आतून जळते. लहान इन्व्हर्टरवरही नको. रमजानात इफ्तारीचे चिरणे-किसणे मी सकाळीच उरकते आणि डबे फ्रीजमध्ये ठेवते.

धुणे आणि जपणे

आधी भाजी, शेवटी मांस, हा क्रम मोडू नका. मांसानंतर वाडगा लगेच आधी थंड पाण्याने धुवा, मग साबणाच्या गरम पाण्याने. आधीच गरम पाणी घातले तर मांसाचा रस कडेला चिकटून बसतो. झाकणाचे रबर काढून धुवा, वास तिथेच अडकतो. पाते साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवू नका. दिसत नाही आणि हात कापतो. भाजी नळीतून ढकलायला दट्ट्याच वापरा, बोट किंवा चमचा नको. खटकी बिघडली म्हणून काडी खुपसून यंत्र सुरू करणारेही असतात. ती खटकी तुमच्या बोटांसाठी आहे. काम झाले की आधी पिन काढा, मग झाकण उघडा, आणि पाते मुलांच्या हाताला लागणार नाही अशा डब्यात ठेवा.

वाचलेला वेळ कोणाचा?

नवे यंत्र आले त्या बकरी ईदला अम्मी खुर्चीवर बसून बघत होत्या. पहिला घाणा त्यांनी चिमटीत चोळून पाहिला आणि म्हणाल्या, "अजून दोन झटके दे." दुसऱ्या घाण्याला काही बोलल्या नाहीत. आमच्याकडे याला पसंती म्हणतात. आता खिमा किती बारीक हवा हे त्या ठरवतात आणि बटण माझा धाकटा मुलगा दाबतो. पाटा अजून ओट्याखाली आहे. जवसाची चटणी त्याच्यावरच होते, पण वाटतात मुलाचे अब्बू.

कारण एक धोका मी पाहिला आहे. यंत्र आले की "आता तुला काय काम!" म्हणत घरचे चार पदार्थ वाढवतात, आणि वाचलेला वेळ पुन्हा चुलीपाशीच जातो. बटण दाबायला ना खांद्याची ताकद लागते ना वर्षांचा सराव. मग ते काम एकाच बाईच्या वाट्याला का? नबी करीम (स.अ.) घरी असताना घरच्यांच्या कामात हात लावत, हे हजरत आयेशा (रजि.) यांच्या सांगण्यातून आपल्याला माहीत आहे. तेव्हा यंत्र घरी आणाल त्याच दिवशी घरातल्या सगळ्यांना ते लावायला शिकवा आणि धुवायलाही.

अम्मी आता इफ्तारीच्या आधी तासभर निवांत तिलावत करतात. आमच्या घरात त्या यंत्राची किंमत वसूल झाली ती तिथे.