पांढरे ते सारे दूध नव्हे

बाबा निवृत्त झाले, भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती आली आणि नेमका त्याच सुमारास टोरांटोला नोकरीस असलेल्या आतेभावाचा फोन आला : "मामा, प्लॅटिनम-पॅलॅडियमचा शोध घेणारी एक छोटी कंपनी आहे. तिचे शेअर्स घ्या, पाचपट होतील." बाबांनी माझ्याकडे पाहिले. घरात कॉमर्सचा विद्यार्थी मी एकटाच!

मी कंपनीचा ताळेबंद पाहिला. विक्री नाही, नफा नाही, खाण तर नाहीच. होता तो जमिनीत भोके पाडून पाहण्याचा परवाना आणि वर्षभरही न पुरणारी रोकड. माझे स्पष्ट मत असे की, अशी कंपनी विकते ती आशा; आणि निवृत्तीचा पैसा आशेवर लावू नये.

आशेला मोलच नसते असे नाही. १९२४ साली हान्स मेरेन्स्की या भूशास्त्रज्ञाने दक्षिण आफ्रिकेत हुडकलेला प्लॅटिनमचा थर आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. पण त्या शोधामागोमाग घाईने निघालेल्या कित्येक कंपन्या भाव कोसळताच नामशेष झाल्या. आपल्या कर्नाटकातही हनुमलापूर परिसरात या गटातील धातूंचे अंश आढळले आहेत. परंतु अंश आढळणे निराळे आणि खाण चालणे निराळे.

अमेरिकेत मोंटाना राज्यातील स्टिलवॉटर येथे पॅलॅडियमचा थर सापडला १९७३ साली. खाण सुरू झाली १९८७ साली. मधली चौदा वर्षे खर्च तर चालूच असतो! छोट्या कंपनीला विक्री नसल्याने बँक सहसा दारात उभी करीत नाही. मग नवे शेअर्स विकावे लागतात. समजा, कंपनीचे १ कोटी शेअर्स आहेत आणि आपल्याकडे १ लाख, म्हणजे आपला वाटा १ टक्का. आणखी ३ कोटी शेअर्स विकले की तोच वाटा पाव टक्का. ते पडत्या भावाने विकले असतील, तर धातू सापडूनही जुन्या भागधारकाच्या हाती फारसे लागत नाही.

बरे, धातूचा भाव तरी स्थिर आहे काय? मोटारींचा धूर शुद्ध करण्यासाठी हे दोन्ही धातू लागतात, म्हणून मोटारधंद्याबरोबर त्यांचे भाव हेलकावे खातात. २००१ च्या आरंभी पॅलॅडियम औंसाला १००० डॉलरच्या वर गेले. धास्तीने साठा करून बसलेल्या फोर्ड कंपनीला भाव उतरताच सुमारे १०० कोटी डॉलरचा फटका बसला. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धाच्या वेळी भावाने ३००० ओलांडले आणि २०२४ मध्ये तो १००० च्या खाली आला. त्याच वर्षी स्टिलवॉटरच्या एका भागाचे काम थांबवावे लागले. चालत्या खाणीची ही गत, मग नुसत्या परवान्याचे काय?

तरीही कुणाला पैसे घालायचेच असतील तर त्याने तीन प्रश्न विचारावेत. रोकड किती महिने पुरेल? गेल्या पाच वर्षांत शेअर्सची संख्या कितीने वाढली? खडकाचे नमुने कुणी तपासले? १९९७ साली कॅनडातील ब्रे-एक्स कंपनीच्या नमुन्यांत बाहेरून सोने मिसळल्याचे उघड झाले आणि हजारो भागधारक बुडाले. त्यानंतर २००१ पासून तेथे पात्र तज्ज्ञाच्या सहीचा अहवाल सक्तीचा झाला. तो अहवाल वाचावा. फोनवरच्या पाचपटीवर विसंबू नये. आपल्या वर्गात नफातोटा पत्रक शिकवतात, पण ज्या कंपनीला नफाच नाही तिचे कागद कसे वाचावेत हे कुणी शिकवत नाही. हा धडाही अभ्यासक्रमात यावा, असे मला वाटते.

बाबांनी रक्कम पोस्टात ठेवली. आतेभाऊ थोडा रुसला आहे. शेजारच्या कन्नड अज्जींना हे सारे सांगितले तेव्हा त्या हसून एवढेच म्हणाल्या, "बेळ्ळगिरुवुदेल्ला हालल्ल." पांढरे दिसते ते सारेच दूध नसते. अज्जींनी प्लॅटिनम कधी पाहिलेले नाही. पण ते पांढरे असते, हे मी त्यांना सांगून टाकले!

— बी. कॉम., द्वितीय वर्ष