वावर विकण्याआधी

देवळीच्या औद्योगिक वसाहतीत पोलादाच्या सळ्या तयार होतात, गावाभोवती पऱ्हाटी आणि तूर उभी असते, वर्धा-कळंब रेल्वे २०२४ च्या फेब्रुवारीत देवळीवरून धावू लागली. तरीही इथल्या शिकलेल्या पोराच्या डोक्यातून परदेश जात नाही. पूर्वी तो नोकरीसाठी जायचे म्हणे. आता धंदा टाकायचा म्हणतो आणि विचारतो, व्हिसा कुठल्या देशाचा सोपा? या प्रश्नात वावगे काही नाही. पण त्यामागोमाग घरात दुसरे वाक्य येते, ‘दोन एकर वावर काढू.’ आमची काळजी तिथून सुरू होते.

अमेरिकेपासून सुरुवात करू, कारण तिच्या नावाने फसवणूक होते. तिथे छोटा धंदा विकत घेऊन राहता येते असे सांगणारे ज्या ‘ई-२’ व्हिसाचे नाव घेतात, तो फक्त अमेरिकेशी तसा करार असलेल्या देशांच्या नागरिकांना मिळतो. भारताशी असा करार नाही. मग सल्लागार दुसरी वाट दाखवतो: आधी ग्रेनाडाचे नागरिकत्व घ्या, मग अर्ज करा. त्यासाठी भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो, आणि पैसे देऊन नागरिकत्व घेणाऱ्याने त्या देशात आधी तीन वर्षे वास्तव्य केलेले असावे, अशी अट अमेरिकेने २०२२ च्या अखेरीस घातली, हे तो सांगत नाही. राहिला ‘ईबी-५’. ग्रामीण किंवा जास्त बेरोजगारीच्या भागात किमान ८ लाख डॉलर, म्हणजे सात कोटींच्या आसपास रुपये गुंतवायचे आणि दहा जणांना काम द्यायचे. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. हा रस्ता देवळीच्या शेतकरी घरासाठी नाही, हे एकदा स्पष्ट बोललेले बरे.

ब्रिटनची गोष्ट वेगळी. २०२३ च्या एप्रिलपासून तिथे ‘इनोव्हेटर फाउंडर’ व्हिसा आहे आणि जुनी ५० हजार पौंडांची अट गेली आहे. स्वस्त वाटतो, पण मान्यताप्राप्त संस्थेने धंद्यावर शिक्का मारावा लागतो, आणि ती तीन गोष्टी तपासते: कल्पना नवी आहे का, चालेल का, वाढेल का. किराणा दुकान किंवा खानावळ या चाळणीत अडकते. सिंगापूर तर याहून रोखठोक. त्यांच्या ‘आंत्रेपास’ या उद्योजक-व्हिसाच्या नियमांत कॉफीची दुकाने, फूड कोर्ट, मसाज केंद्रे अपात्र म्हणून नावानिशी लिहिलेली आहेत. जो धंदा आपला पोरगा मनगटाच्या जोरावर वीस वर्षे चालवू शकेल, नेमका तोच या देशांना नको आहे. आम्हाला हे खटकते. पण नियम त्यांचा आहे, आणि तो पैसे भरण्याआधी माहीत असायला हवा.

शिवाय हे दरवाजे कधी बंद होतील याचा भरवसा नाही. कॅनडाने २०१३ मध्ये स्टार्टअप व्हिसा आणला, २०२४ मध्ये धंद्याला पाठिंबा देणाऱ्या प्रत्येक संस्थेला वर्षाला दहाच प्रस्तावांची मर्यादा घातली आणि २०२५ संपताना नव्या अर्जांचे दार लावले. ऑस्ट्रेलियाने आपली उद्योजकांची योजना २०२४ मध्ये गुंडाळली. जपानने २०२५ च्या ऑक्टोबरात धंद्याच्या व्हिसासाठी भांडवलाची अट ५० लाख येनवरून एकदम ३ कोटी येनवर नेली. परक्या देशाचा नियम एका रात्रीत बदलतो. विकलेले वावर मात्र परत मिळत नाही.

दुबईचे गणित आपल्या माणसाला त्यातल्या त्यात जवळचे. तिथे कल्पनेची परीक्षा नाही. व्यापाराचा परवाना घ्या, त्यावर राहण्याचा व्हिसा मिळतो. २०२१ पासून बहुतेक धंद्यांत स्थानिक भागीदाराची सक्तीही उरलेली नाही. पण परवान्याचे नूतनीकरण, जागेचे भाडे आणि २०२३ पासून ठरावीक मर्यादेपुढच्या नफ्यावर ९ टक्के कर हा खर्च दरवर्षीचा, आणि परवाना संपला की व्हिसाही संपतो. विदर्भातले धनंजय दातार १९८४ मध्ये वडिलांच्या छोट्या किराणा दुकानात हातभार लावायला दुबईला गेले आणि ‘मसाला किंग’ झाले. त्यांचे उदाहरण सगळेच देतात. त्यातली महत्त्वाची गोष्ट सुटते, ती अशी की डाळ, पीठ आणि मसाला शोधणारे भारतीय गिऱ्हाईक त्या शहरात आधीच होते.

म्हणून आमचे म्हणणे आहे की गिऱ्हाईक आधी शोधा, व्हिसा नंतर. आयात-निर्यात कोड घरबसल्या ५०० रुपयांत निघतो. आपल्याच जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. गांधीवादी अर्थतज्ज्ञ कुमारप्पांनी जिथे ग्रामोद्योगाचे काम उभे केले त्या वर्ध्याच्या मगनवाडीत आज ग्रामीण औद्योगिकीकरणाची राष्ट्रीय संस्था आहे. संयुक्त अरब अमिरातीशी झालेला व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे. देवळीतून दोन-तीन खेपा पाठवाव्यात, पैसे वेळेवर येतात का पाहावे, मग साध्या व्यावसायिक भेटीच्या व्हिसावर जाऊन बाजार डोळ्यांनी बघावा. एवढ्यासाठी सातबाऱ्याला हात लावावा लागत नाही. तिथे दुकान टाकायची वेळ आली, तर तेव्हा हातात हिशेब असेल.

सरकारचीही जबाबदारी आहे. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेने परत पाठवलेल्या १०४ भारतीयांचे विमान अमृतसरला उतरले. त्यात तिघे महाराष्ट्रातले होते. परदेशाच्या वाटा विकणाऱ्यांवरचा अंकुश मात्र अपुरा आहे. नोकरीसाठी माणसे परदेशी पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या केंद्रीय कायद्याने नोंदणी सक्तीची आहे. धंद्याच्या व्हिसाचा सल्ला विकणारा त्या कक्षेत येत नाही. पंजाबने २०१२ मध्ये स्वतःचा कायदा करून अशा सल्लागारांना परवाना बंधनकारक केला. महाराष्ट्राने तसा कायदा नागपूरच्या येत्या हिवाळी अधिवेशनात आणावा आणि वर्धा जिल्ह्याच्या आमदारांनी तो पक्ष बाजूला ठेवून मागावा. तोवर वर्ध्याच्या जिल्हा उद्योग केंद्राने आठवड्यातला एक दिवस राखून, निर्यात आणि परदेशातले परवाने समजणारा माणूस देवळी आणि पुलगावला बसवावा.